बंद दार आणि पर्किन्सबाई

एस.टी.च्या गाडीतून प्रवास केलेल्या प्रत्येकाने ती लाल अक्षरे वाचलेली असतात. संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग, असे त्या खिडकीवर किंवा दारावर रंगवलेले असते. मीही लहानपणापासून ती अक्षरे वाचत आले. पण ते दार खरोखर उघडते का, त्याची कडी गंजून बसली तर नाही ना, असा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता. तो आला एका मे महिन्याच्या रात्री.

त्या वेळी आम्ही पाच मुली एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोली घेऊन राहत होतो. रात्री केव्हातरी जिन्याच्या तळाशी असलेल्या विजेच्या मीटरच्या फळीने पेट घेतला आणि बघता बघता साऱ्या जिन्यात धूर कोंडला. इमारतीला मागच्या बाजूस लोखंडी जिना होता. आम्ही तिकडे धावलो. जिन्याच्या तोंडाशी जाळीचे दार होते आणि दाराला कुलूप होते. किल्ली मालकांकडे आणि मालक दुसऱ्या पेठेत! ओल्या ओढण्या तोंडाला लावून आम्ही सज्जात उभ्या राहिलो. खालच्या लोकांनी वाळू टाकून आग विझवली म्हणून निभावले. कुणाला काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी कुलपाचे कारण विचारले, तेव्हा चोरांची भीती, एवढेच उत्तर मिळाले.

या उत्तराने मला स्वस्थ बसू दिले नाही. दाराला कुलूप का नसावे, हे ज्यांनी आयुष्यभर जगाला पटवले अशा कुणाची तरी गोष्ट असणारच, असे वाटून मी ग्रंथालयात शोधू लागले. अशा रीतीने माझी फ्रान्सिस पर्किन्स यांच्याशी ओळख झाली. अमेरिकेच्या पहिल्या स्त्री मंत्री म्हणून त्यांचे नाव इतिहासात आहे. परंतु मला त्या भेटल्या त्या एका कुलूपबंद दारापाशी.

फ्रान्सिसचा जन्म १० एप्रिल १८८० रोजी बोस्टन शहरी झाला. घरी ठेवलेले नाव फॅनी. पुढे कळत्या वयात तिने स्वतःच ते बदलून घेतले. वडिलांचा वूस्टर या गावी कागद व लेखनसाहित्याचा व्यापार होता. घर खाऊनपिऊन सुखी आणि जुन्या वळणाचे. माणूस गरीब असतो तो आळसामुळे किंवा दारूमुळे, अशी त्या घराची सरळ समजूत होती. मात्र वडिलांना विद्येची आवड होती. त्यांनी मुलीला लहानपणीच ग्रीक शिकवायला घेतले आणि ज्या काळात मुलींना महाविद्यालयात पाठवणारे बाप विरळा, त्या काळात तिला माउंट होल्योक या स्त्रियांच्या महाविद्यालयात धाडले.

तिथे तिने विषय घेतला पदार्थविज्ञान. पण तिच्या आयुष्याला वळण दिले ते शेवटच्या वर्षातील आर्थिक इतिहासाच्या तासाने. शिकवणाऱ्या बाईंचा दंडक असा, की केवळ पुस्तक वाचून भागणार नाही. जवळच्या गावातील कारखाने प्रत्यक्ष पाहून यायचे आणि पाहिले ते लिहायचे. फ्रान्सिस कापडाच्या आणि कागदाच्या गिरण्यांतून हिंडली. यंत्रात हात सापडला की कुटुंबाचा आधार एका क्षणात तुटतो, मग तो मनुष्य कितीही निर्व्यसनी आणि उद्योगी असो, हे तिने तिथे पाहिले. घरातील समजूत आणि डोळ्यांपुढील वस्तुस्थिती यांचा मेळ बसेना. आपणा विद्यार्थ्यांना हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण वर्गाबाहेर घेतलेल्या एका धड्यातून केवढे आयुष्य उभे राहिले ते यावरून दिसते.

१९०२ साली पदवी घेतल्यावर काही वर्षे तिने शिक्षिकेची नोकरी केली. शिकागोजवळ शिकवीत असताना सुटीच्या दिवशी ती जेन ॲडम्स यांच्या हल हाउस या संस्थेत जाई. गरीब वस्तीत राहून वस्तीची सेवा करणारी ही संस्था म्हणजे तिचे दुसरे विद्यापीठच. १९०७ मध्ये ती फिलाडेल्फियाला गेली. परदेशांतून आणि दक्षिणेकडून कामाच्या शोधात येणाऱ्या एकट्या मुलींना फसवणाऱ्या दलालांचा माग काढण्याचे काम तिथे तिने केले. पुढे न्यूयॉर्कला येऊन कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी १९१० मध्ये घेतली. त्याच वर्षी ती न्यूयॉर्कच्या ग्राहक संघाची कार्यवाह झाली. तळघरातील भटारखान्यांची पाहणी करणे आणि स्त्री कामगारांचा आठवडा ५४ तासांहून अधिक नसावा या विधेयकासाठी ऑल्बनीच्या विधिमंडळात खेटे घालणे, हे तिचे काम.

आता २५ मार्च १९११ या दिवसाकडे येऊ. शनिवार होता. वॉशिंग्टन स्क्वेअर या चौकालगतच्या एका घरी पर्किन्सबाई चहाला गेल्या होत्या. दुपारचे पावणेपाच होत आले असतील. आगीच्या बंबांच्या घंटा आणि लोकांचा ओरडा ऐकू आला. बाई उठल्या आणि चौक ओलांडून धावत गेल्या. समोर दहा मजली ॲश बिल्डिंग. तिच्या वरच्या तीन मजल्यांवर ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीचा स्त्रियांची पोलकी शिवण्याचा कारखाना होता. कामाला बहुतेक ज्यू आणि इटालियन मुली. पुष्कळशा विशीच्या आतबाहेरच्या. बाई पोहोचल्या तेव्हा खिडक्यांच्या कडांवर मुली उभ्या होत्या आणि मागून ज्वाळा येत होत्या. मग त्या उड्या टाकू लागल्या. बंबवाल्यांची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचत होती. धरलेली जाळी एवढ्या उंचीवरून येणाऱ्या देहांच्या भाराने फाटत होती. पन्नासाहून अधिक जीव असे रस्त्यावर पडून गेले. एकूण मृत्यू १४६. त्यांत १२३ स्त्रिया आणि २३ पुरुष. हे सारे अर्ध्या तासाच्या आत घडले.

असे का घडावे? या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घ्यायला हवे, कारण पर्किन्सबाईंचे पुढचे सारे आयुष्य त्या उत्तरावर उभे आहे. इमारत कच्ची नव्हती. ती अग्निरोधक म्हणून बांधलेली होती आणि आगीनंतरही ताठ उभी राहिली. आजही ती न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वापरात आहे. जळाले ते आतले कापड, लाकडी टेबले आणि माणसे. आठव्या मजल्यावर कापड बेतण्याच्या टेबलाखाली चिंध्यांची पेटी होती. तिथे आग लागली. आठव्या मजल्यावरून दहाव्या मजल्याला टेलिफोनवरून सूचना गेली आणि तिथली जवळजवळ सर्व माणसे गच्चीवर चढून वाचली. मधल्या नवव्या मजल्याला मात्र कुणी कळवले नाही. आग दारात आली तेव्हाच तिथल्या अडीचशे कामगारांना ती कळली.

नवव्या मजल्याला दोन जिने होते. एकाकडची वाट थोड्याच वेळात ज्वाळांनी अडली. दुसऱ्या जिन्याच्या दाराला कुलूप होते. सुटीच्या वेळी मुलींनी एकाच दाराने बाहेर पडावे, म्हणजे त्यांच्या पिशव्या तपासता येतात आणि कापडाची चोरी होत नाही, हे त्या कुलपामागचे कारण. हे वाचताना मी पुस्तक मिटून काही वेळ तशीच बसून राहिले. आमच्या जाळीच्या दाराचे उत्तर आणि हे उत्तर एकच होते.

मागच्या बाजूस लोखंडी जिना होता खरा. वस्तुतः मजल्यांचा विस्तार पाहता त्या इमारतीला तिसरा पक्का जिना हवा होता. पण हा लोखंडी जिनाच तिसरा समजावा, अशी सवलत बांधणाऱ्यांनी मिळवली होती. तो अरुंद जिना जमिनीपर्यंत पोहोचतच नव्हता. खालच्या एका काचेच्या छपरावर तो संपत होता. घाबरलेल्या माणसांचा भार पडताच तो वाकला आणि माणसांसह कोसळला. लिफ्ट चालवणाऱ्या दोघांनी मात्र जिवावर उदार होऊन फेऱ्यांमागून फेऱ्या केल्या आणि कितीतरी जणींना खाली आणले. म्हणजे कागदावर पाहिले तर जिने होते, दारे होती, लोखंडी शिडी होती. प्रत्यक्षात बाहेर पडण्याचा मार्ग नव्हता.

याच कारखान्यातील मुली १९०९ च्या मोठ्या संपात आघाडीवर होत्या. वीस हजारांवर शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया त्या संपात उतरल्या होत्या. मालकांनी पगार थोडा वाढवला, पण संघटनेला मान्यता दिली नाही. आगीनंतर त्यांच्यावर खटला झाला. त्या क्षणी दार बंद होते हे मालकांना ठाऊक होते, असे निःसंशय सिद्ध व्हायला हवे होते. ते झाले नाही, आणि डिसेंबर १९११ मध्ये ते सुटले. पुढे १९१४ मध्ये दिवाणी दाव्यात एका जिवामागे ७५ डॉलर देऊन प्रकरण मिटले.

अशा प्रसंगी माणूस रडतो, संतापतो आणि काही दिवसांनी विसरतो. एप्रिलच्या २ तारखेला न्यूयॉर्कच्या ऑपेरागृहात मोठी सभा भरली. धनिक मंडळी हळहळत होती. त्यांच्यापुढे रोझ श्नायडरमन ही कामगार कार्यकर्ती अगदी हळू आवाजात बोलली. नुसत्या सहानुभूतीचे आम्ही काय करावे, हा तिच्या बोलण्याचा रोख होता. त्या सभेतून सुरक्षितता समिती जन्माला आली. पुढे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या शिफारशीवरून पर्किन्सबाई तिच्या कार्यवाह झाल्या. मला बाईंचा मोठेपणा इथे दिसतो. त्यांनी दुःखाचे रूपांतर मोजदादीत केले. दाराची रुंदी किती, दार आत उघडते की बाहेर, एका मजल्यावर माणसे किती आणि जिन्यावरून एका वेळी उतरू शकतात किती, हे त्या मोजू लागल्या. पदार्थविज्ञान शिकलेल्या मुलीला ते साधलेही छान!

राज्याने १९११ च्या जूनमध्ये कारखाना चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष रॉबर्ट वॅग्नर आणि उपाध्यक्ष ॲल स्मिथ हे दोघे मुरलेले राजकारणी. एका वर्षात आयोगाने १८३६ कारखाने पाहिले आणि २२२ साक्षी घेतल्या. बाईंनी साक्षही दिली आणि पाहणीचे कामही केले. पण त्यांची खरी करामत निराळीच. अहवाल वाचून राजकारण्यांचे मन हलत नाही हे त्या जाणून होत्या. म्हणून त्यांनी या मंडळींना पहाटे उठवून कारखान्यांत नेले. दहा तासांची रात्रपाळी करून दोरखंडाच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या बाया त्यांनी स्मिथना दाखवल्या. भाजीपाला डबाबंद करण्याच्या कारखान्यांत अंधार असतानाच कामाला बसलेली पोरे दाखवली. एका कारखान्यात भिंतीला लहानसे भोक होते आणि त्यालाच आगीच्या वेळचा मार्ग म्हणत. बाईंनी वॅग्नरना त्या भोकातून सरपटत बाहेर जायला लावले. बाहेर बर्फाने माखलेली उभी लोखंडी शिडी होती आणि ती जमिनीच्या १२ फूट वरच संपत होती. त्या शिडीवर लोंबकळणाऱ्या अध्यक्षांना पुढे काही समजावून सांगण्याची गरज उरली नसेल!

या आयोगाच्या कामातून तीन वर्षांत ३६ कायदे झाले. कामाच्या वेळी दारांना कुलूप लावायचे नाही. दारे बाहेरच्या बाजूस उघडली पाहिजेत. कारण भ्यालेली गर्दी दारावर रेटते आणि आत उघडणारे दार त्या रेट्यानेच बंद होते. जिने सोसतील तेवढीच माणसे मजल्यावर बसवायची. चिंध्या साठू द्यायच्या नाहीत. उंच इमारतींतून छताला आपोआप पाणी शिंपडणारे नळ बसवायचे. आगीच्या वेळी रांगेने बाहेर पडण्याची कवायत नियमित घ्यायची. आज या गोष्टी इतक्या साध्या वाटतात, की यांसाठी कुणाला झगडावे लागले असेल हे खरेही वाटत नाही. १९१३ साली अमेरिकेच्या अग्निसंरक्षण संघटनेच्या वार्षिक सभेपुढे बाईंनी हाच विषय मांडला. तोवर त्या संघटनेचे लक्ष मुख्यतः मालमत्ता वाचवण्याकडे होते. त्याच वर्षी तिने माणसांच्या जीविताच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र समिती नेमली. त्या समितीच्या कामातून १९२७ मध्ये इमारतींतून बाहेर पडण्याच्या मार्गांची नियमावली तयार झाली.

बाई ध्येयवादी होत्या, पण हटवादी नव्हत्या. १९१२ मध्ये ५४ तासांचे विधेयक संमत होण्याची वेळ आली, तेव्हा डबाबंद मालाच्या कारखान्यांना त्यातून वगळण्याची अट पुढे आली. सहकाऱ्यांचा विरोध पत्करूनही बाईंनी ती मान्य केली. सगळे मिळत नाही म्हणून लाखो स्त्रियांच्या पदरात पडणारे लाथाडायचे का, असा त्यांचा हिशेब होता. राहिलेल्या स्त्रियांसाठी त्या पुन्हा भांडल्या आणि त्यांनाही कायद्याच्या कक्षेत आणले. पुढाऱ्यांना तरुण स्त्रीपेक्षा आईसारखी दिसणारी स्त्री ऐकावीशी वाटते, हे ध्यानात येताच त्यांनी साधा काळा पोशाख आणि त्रिकोणी टोपी धारण केली. ती टोपी पुढे त्यांची ओळखच बनली.

१९१३ मध्ये पॉल विल्सन यांच्याशी विवाह झाला. नाव मात्र त्यांनी आपले तेच ठेवले. १९१६ मध्ये मुलगी झाली. थोड्याच वर्षांत पतीला मानसिक आजार जडला आणि घराचा सारा भार बाईंवर आला. हे दुःख त्यांनी कधी चव्हाट्यावर मांडले नाही. एव्हाना गव्हर्नर झालेल्या ॲल स्मिथनी १९१९ मध्ये त्यांना राज्याच्या औद्योगिक आयोगावर नेमले. १९२९ मध्ये गव्हर्नर फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी साऱ्या मजूर खात्याची सूत्रे त्यांच्या हाती दिली. १९३३ मध्ये रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले आणि पर्किन्सबाई देशाच्या मजूरमंत्री. पद स्वीकारण्यापूर्वीच त्यांनी कामांची यादी रूझवेल्टपुढे ठेवली होती. वृद्धांना निवृत्तिवेतन, बेकारांना भत्ता, किमान वेतन, कामाच्या तासांना मर्यादा, बालमजुरीला बंदी. १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा आणि १९३८ चा वेतन व तासांचा कायदा यांतून त्या यादीतील बहुतेक कलमे उतरली. आरोग्यविमा तेवढा राहून गेला. भिंतीच्या भोकातून सरपटलेले वॅग्नर आता सिनेटर होते आणि कामगारांच्या संघटनेच्या हक्काचा १९३५ चा कायदा त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

मार्ग निष्कंटक नव्हता. एका परदेशी कामगार पुढाऱ्याला देशाबाहेर घालवत नाहीत म्हणून १९३९ मध्ये त्यांच्यावर महाभियोगाचा ठराव आला. तो फेटाळला गेला. बारा वर्षे मंत्रिपद सांभाळून १९४५ मध्ये त्या पायउतार झाल्या. उतारवयात कॉर्नेल विद्यापीठात शिकवीत असताना त्या विद्यार्थ्यांच्या निवासातच राहत. २५ मार्च १९६१ रोजी, आगीला ५० वर्षे झाली तेव्हा, ऐंशी वर्षांच्या पर्किन्सबाई पुन्हा त्या इमारतीपुढे उभ्या राहिल्या. रूझवेल्ट काळातील साऱ्या सुधारणांचा आरंभ आपण त्या आगीच्या दिवसापासून मानतो, असे त्या सांगत. १४ मे १९६५ रोजी त्यांचे निधन झाले.

बाईंचे कार्य अमेरिकेतले. पण बंद दाराचा प्रश्न कुठल्या एका देशाचा नाही. आपल्याकडे १९४८ चा कारखाना कायदा झाला, तेव्हा त्यातही दारे आतून चटकन उघडता यावीत आणि बाहेरच्या बाजूस उघडावीत असे कलम होते. महाराष्ट्राने २००६ मध्ये आगीपासून बचावाचा स्वतंत्र कायदाही केला. तरीही २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईत कमला मिलच्या आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागून १४ माणसे गेली. नियम कागदावर असतो. त्याला दररोज कुणीतरी दारापाशी जाऊन पाहावे लागते. पर्किन्सबाईंचे चरित्र वाचून मी जर काही शिकले असेन तर ते एवढेच.

त्या इमारतीच्या मालकांशी मी भांडले नाही. आम्ही पाचजणींनी एक कागद लिहिला. इमारतीत माणसे किती राहतात, जिना किती रुंद आहे, मागच्या दारापर्यंत पोहोचायला किती पावले लागतात आणि किल्ली आणायला किती मिनिटे लागतात, हे सारे मोजून त्यात मांडले. पंधरा दिवसांनी कुलूप गेले आणि आतून सरकवता येणारी कडी आली. चोर अद्याप आलेला नाही.

आता मी कुठल्याही सभागृहात शिरले की आधी दुसरे दार शोधते. मैत्रिणी हसतात. हसोत बापड्या! वाचकांना माझी विनंती एवढीच, की आज घरी जाताना नेहमीचा जिना सोडून एकदा दुसऱ्या जिन्याने उतरून पाहा. दार ढकला. ते उघडले तर उत्तमच. न उघडले, तर किल्ली कुणाकडे आहे ते विचारा.